आधी हुंकार, मग पैसे!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते हं. नारळाची अर्धी करवंटी, बकरीचं कातडं, दीड-दोन हात लांबीचा बांबू, घोड्याच्या शेपटीचे केस, थोड्या तारा आणि मूठभर घुंगरं. एवढ्या सामानातून काय तयार होईल, सांगा पाहू!

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. हेच कोडं मी आमच्या चौथीच्या वर्गात घातलं होतं. आमची मुलं पडली कोकणातली. करवंटी म्हणजे बंबात जाळायची, नाहीतर दांडा लावून पाणी काढायची वस्तू. घोड्याचे केस कुठून आणायचे, यावरच पहिली पाच मिनिटं भांडण झालं. मग एकजण उठून म्हणाला, "बाई, बुजगावणं!" दुसरा म्हणाला, "बाई, भूत!" सगळा वर्ग खो-खो हसला.

उत्तर आहे रावणहत्था. हे एक वाद्य आहे. राजस्थानात वाजवतात. लंकेच्या रावणानं ते पहिल्यांदा बनवलं आणि मारुतीरायानं ते उत्तरेकडे आणलं, अशी कथा तिकडे सांगतात. आता हे वाद्य मला कुठे भेटलं आणि ते वाजवणारे बाबा किती वेगळे होते, ते ऐका.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताई, भावजी आणि सहावीतला भाचा यांच्याबरोबर राजस्थानला गेले होते. जोधपूरला रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी डोळे उघडले ते थेट जैसलमेरला. स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर टेकडीवर किल्ला! रावळ जैसल यांनी ११५६ साली तो उभारायला घेतला. पिवळ्या दगडाचा किल्ला आहे. ऊन पडलं की तो सोन्यासारखा चमकतो, म्हणून त्याला सोनार किल्ला म्हणतात. २०१३ साली राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपले बरेचसे किल्ले ओस पडलेले असतात. या किल्ल्यात मात्र माणसं अजून राहतात. आत गल्ल्या आहेत, घरं आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात, पाठीवर दप्तर टाकून पोरं पळत असतात.

किल्ल्याच्या चढावर दोन-तीन ठिकाणी रावणहत्थेवाले बसलेले दिसले. प्रवासी दिसले की ते एखाद्या सिनेमातल्या गाण्याची धून वाजवत. लोक फोटो काढत, समोरच्या फडक्यावर नाणं टाकत आणि पुढे चालू लागत.

संध्याकाळी आम्ही गडीसर तलावावर गेलो. वाळवंटात पाणी म्हणजे सोनंच. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी पावसाचं पाणी साठवायला हा तलाव नीट बांधून काढला आणि एकेकाळी सगळं गाव त्याच पाण्यावर जगलं. तिथे घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे बाबा बसले होते. लाल पगडी, पांढऱ्या मिशा, मांडीवर रावणहत्था. शेजारी दहा-अकरा वर्षांचा नातू. त्यांच्यासमोर पैशांसाठी फडकं नव्हतं. त्याऐवजी एक सतरंजी पसरलेली होती, तीही रिकामी.

बाबांनी गज फिरवला आणि सूर निघाला. इतक्यात एक गृहस्थ तिथून जाता जाता दहा रुपयांचं नाणं सतरंजीवर टाकून गेले. बाबांचा गज थांबला. ते मोठ्यानं म्हणाले, "पैसे बाद में, साहब! पहले हुंकारा दो!" ते गृहस्थ काहीच न कळून निघून गेले. माझ्या भाच्याला मात्र राहवेना. तो म्हणाला, "मावशी, हुंकारा म्हणजे काय गं?"

बाबांनी ते ऐकलं. हातानं सतरंजी दाखवून म्हणाले, "बैठो बेटा, बताता हूं."

इकडे भावजी घड्याळ बघू लागले. वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त बघायला जायचं ठरलं होतं आणि जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. पण ताईनं चपला काढल्या आणि सरळ सतरंजीवर मांडी घातली. "सूर्य काय, उद्यापण मावळेल," ती म्हणाली. झालं! आम्ही सगळेच बसलो.

बाबा सांगू लागले. त्यांच्याकडे गोष्ट सांगणारा एकटा कधीच गोष्ट सांगत नाही. ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये 'हूं', 'हां' असं म्हणायचं असतं. तोच हुंकारा. तो आला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. लढाईला जसा नगारा, तसा गोष्टीला हुंकार, अशा अर्थाची म्हणच आहे मारवाडीत. मुलांनो, तुमची आजी रात्री गोष्ट सांगताना "हूं म्हण, नाहीतर मी सांगणार नाही" असं म्हणते की नाही? अगदी तेच. आजी उगीच म्हणत नाही ते. अंधारात तिला कसं कळणार, की तुम्ही जागे आहात की झोपलात?

मग भाच्यानं वाद्याची चौकशी सुरू केली. बाबांनी ते त्याच्या हातातच दिलं. करवंटीच्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. करवंटीतून निघालेला बांबू, त्यावर खुंट्या. मुख्य वाजवायची तार धातूची नाही बरं का, ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची! पुष्कळ केस एकत्र घेऊन केलेली. तिच्याजोडीला एक पोलादी तार. गजालाही घोड्याचेच केस आणि गजाच्या टोकाला घुंगरं. गज झटक्यानं फिरवला की सुराबरोबर घुंगरांचा ताल आपोआप मिळतो. म्हणजे एकाच माणसाच्या दोन हातांत गाणं आणि ठेका दोन्ही! सतारीसारखे पडदे या वाद्याला नसतात. सूर कुठे आहे ते बोटांनीच लक्षात ठेवायचं.

भाच्यानं गज ओढून पाहिला. दार करकरावं तसा आवाज निघाला. बाबांचा नातू तोंडावर हात ठेवून हसला. मग त्यानं खिशातून राळेचा खडा काढला आणि गजावर घासून दाखवला. राळेनं गजाचे केस चिकटसर होतात, तारेला धरतात आणि सोडतात, पुन्हा धरतात. त्या धर-सोडीतूनच तार थरथरते आणि सूर निघतो.

आणखी एक गंमत. बाजूला बऱ्याच बारीक तारा होत्या. बाबा त्यांना हातच लावत नव्हते. "मग या कशाला?" मी विचारलं. त्या तरफेच्या तारा. मुख्य तारेवर जो सूर वाजतो, त्या सुरात लावलेली तरफेची तार न छेडता आपली आपण गुणगुणू लागते. घरी करून बघा. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी तोंड नेऊन वेगवेगळ्या सुरांत 'आ' म्हणा. एका ठराविक सुराला घागर एकदम घुमते. तो तिचा सूर! ही घागरसुद्धा तुमच्या गाण्याला एक प्रकारे हुंकारच देते.

बाबांनी विचारलं, "बहनजी, कहां से आए?" मी म्हटलं, कोकणातून, समुद्रकाठाहून, आमच्याकडे दारोदार नारळाची झाडं असतात. बाबा खूश झाले. करवंटीवर टिचकी मारून म्हणाले, "तो यह आपके मुल्क का है! हमारे यहां नारियल का पेड कहां?" खरंच की! नारळ समुद्रकाठचा, घोड्याचे केस मारवाडातले आणि नाव लंकेच्या राजाचं.

बाबा स्वतः 'भोपा' होते. तुळजापूरला भवानीमातेच्या पुजाऱ्यांना भोपे म्हणतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मारवाडातले हे भोपे पाबूजींचे पुजारी. पाबूजी हे कोळू गावचे राठोड वीर. ते चौदाव्या शतकात होऊन गेले असं मानतात. गुराख्यांचे आणि उंट पाळणाऱ्यांचे ते देवच. त्यांची कथा एका लांबलचक कापडावर रंगवलेली असते. तिला फड म्हणतात. ही फड साधारण १५ फूट लांब असते. शाहपुरा आणि भिलवाडा इथली जोशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या फड रंगवत आली आहेत. त्यांच्यापैकी श्रीलाल जोशी यांना २००६ साली पद्मश्री मिळाली. सगळं चित्र पुरं झालं की चित्रकार अगदी शेवटी पाबूजींच्या डोळ्यांतली बुबुळं काढतो. मग ते नुसतं चित्र राहत नाही, देऊळ होतं. गुंडाळून खांद्यावर घेऊन जाता येईल असं देऊळ!

गावात बोलावणं आलं की सूर्य मावळल्यावर फड उभी करायची. भोपा रावणहत्था वाजवत गातो. त्याची बायको भोपी हातात दिवा घेऊन गाते. ज्या प्रसंगाचं गाणं चालू असेल, त्या चित्रावर ती दिव्याचा उजेड धरते. असं रात्रभर, पहाटेपर्यंत. कथेतल्या एकेका प्रसंगाला ते परवाडा म्हणतात. आपल्या पोवाड्याच्या जवळचाच शब्द, नाही का? फड जुनी होऊन फाटली तर ती फेकत नाहीत. आपण गणपती विसर्जन करतो ना, तशी ती पुष्करच्या सरोवरात नेऊन शांत करतात.

"पाबूजींनी लंकेहून उंट आणले," बाबांनी सांगितलं. पुतणीच्या लग्नात काकांनी आहेर म्हणून उंट कबूल केले. मारवाडात तेव्हा उंट नव्हतेच म्हणे. सासरची माणसं पुतणीला चिडवू लागली, "काय गं, कुठे आहेत तुझ्या काकाचे उंट?" मग पाबूजींनी थेट रावणाच्या लंकेवर स्वारी करून उंटिणी आणल्या. भाचा लगेच म्हणाला, "पण लंकेत तर समुद्र. तिथे उंट कुठून आले?" बाबा मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "और रेगिस्तान में नारियल कहां से आया?" भाचा गप्पच झाला!

मग बाबांनी दुसरा परवाडा गाऊन दाखवला. देवल नावाच्या बाईनं आपली काळी घोडी पाबूजींना दिली होती. एका अटीवर. माझ्या गाईंवर संकट आलं तर धावून यायचं. पुढे पाबूजींचं लग्न ठरलं उमरकोटच्या राजकन्येशी. हे उमरकोट आज पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात आहे. अकबर बादशहाचा जन्म तिथलाच. लग्न लागत होतं, फेरे चालले होते आणि अर्ध्या फेऱ्यांत निरोप आला, देवलच्या गाई पळवल्या! पाबूजी तसेच उठले, लग्न अर्धवट टाकून घोडीवर बसले आणि त्या गाईंसाठी लढता लढता गेले.

मला मारवाडी कुठे येतं? पण रावणहत्थ्यातून घोडी दौडताना ऐकू येत होती. बाबा एक ओळ गायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात फक्त वाद्य वाजायचं. मग पुढची ओळ. आधी मला वाटलं, ते दम घेताहेत. पण प्रत्येक वेळी ते मान वळवून डाव्या बाजूला बघत. तिथे कोणी नव्हतं. भाचा मात्र नेमक्या त्याच जागी मोठ्यानं "हूं!" म्हणायचा आणि बाबा मान डोलावून पुढे जायचे.

गाणं संपल्यावर मी विचारलं. बाबा म्हणाले, ती ओळ भोपीची. म्हणजे त्यांच्या बायकोची. दोन वर्षांपूर्वी ती वारली. भोपा-भोपीचं गाणं अर्धं अर्धं असतं, एकट्यानं फड वाचता येत नाही. सून शिकते आहे, पण इतकं मोठं गाणं एकदम कसं पाठ होणार? तोवर फड घरी गुंडाळून ठेवलेली आहे. "उसकी जगह खाली रखता हूं. कोई हुंकारा दे दे, तो गाना चल पडता है," ते म्हणाले. आमच्या ताईनं पदर डोळ्यांना लावला.

मी विचारलं, "मग तुम्ही सिनेमाची गाणी वाजवत नाही का?" बाबा म्हणाले, वाजवतो की. लोक मागतात, पोट आहे, त्यात लाज कसली? पण ती धून लोकांना आधीच ठाऊक असते. ते ओळखतात, हसतात आणि जातात. पाबूजींसाठी बसावं लागतं. म्हणून ही सतरंजी.

आम्ही निघताना पैसे दिले. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि शांतपणे मोजून खिशात ठेवले. मला ते फार आवडलं. त्यांनी काम केलं होतं, त्याची ही मजुरी होती.

त्यांचा नातूही चौथीतच. शाळेत जातो, हिशेबात हुशार. आजोबांनी हात धरून बसवलं तर रावणहत्थाही छान वाजवतो. मी त्याला म्हटलं, "शाळेत कधी वाजवून दाखवलंस का?" तो म्हणाला, "किसी ने पूछा ही नहीं." तेवढंच. अगदी सहज बोलला.

पण मुलांनो, ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसून कोकणात आलं.

विचारणारं आणि बसून ऐकणारं माणूस भेटलं की केवढं काम होतं, हे राजस्थाननंच दाखवून दिलं आहे. कोमल कोठारी (१९२९-२००४) नावाचे एक विद्वान तिथे होऊन गेले. १९६० साली त्यांनी लेखक विजयदान देथा यांच्यासोबत बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थान सुरू केलं. वर्षानुवर्षं ते वाळवंटातल्या गावोगावी फिरले, गाणाऱ्यांपुढे बसले आणि त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. सरकारनं त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण दिलं.

आणि चित्रं दाखवत गोष्ट गाण्यासाठी जैसलमेरलाच जायला हवं असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी सांगतात. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून पुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीवर कथा गायची. चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय मांडलं. कधी कोकणात आलात तर समुद्र बघालच, पण पिंगुळीलाही जा.

सुट्टी संपल्यावर आमच्या वर्गात मी शनिवारी एक तास सुरू केला. मुलांनीच त्याचं नाव ठेवलं 'हुंकाराचा तास'. कोणाच्या तरी घरचं माणूस यायचं, जे येतं ते सांगायचं, गायचं, वाजवायचं. आम्ही खाली सतरंजीवर बसायचं आणि हुंकार द्यायचा. एकाचे आजोबा दशावतारात काम करायचे. त्यांनी राजाची चाल चालून दाखवली. एकीची आजी जात्यावरच्या ओव्या गायली. एकाच्या बाबांनी शिमग्याचा ढोल बडवला, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनाही बाहेर यावं लागलं!

वर्गात एक मुलगी होती. तिचे आई-वडील कर्नाटकातून आमच्याकडे चिरेखाणीवर कामाला आलेले. मराठी अडखळत बोलायची, म्हणून सहसा बोलायचीच नाही. एका शनिवारी तिची आई आली. कामावरून थेट, हाताला लाल माती तशीच. तिनं त्यांच्या गावाकडचं एक कानडी गाणं म्हटलं. शब्द एकालाही कळला नाही. पण माझ्या वर्गानं प्रत्येक ओळीला असा हुंकार दिला, की ती बाई लाजून हसली आणि आणखी दोन गाणी गायली. सोमवारी त्या मुलीच्या भोवती घोळका होता. "ए, त्या गाण्यात काय होतं गं? सांग ना!" आणि ती सांगत होती. मराठीत. अडखळत, पण न थांबता.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. रस्त्यात कोणी वाजवताना दिसलं की आपण मुलाच्या हातात नाणं देतो आणि म्हणतो, "जा, टाकून ये." द्याच ते नाणं, त्यात काही वाईट नाही. पण त्याआधी दोन मिनिटं उभे राहा. मोबाइल खिशात ठेवा. मुलाला एक तरी प्रश्न विचारू द्या. हे वाद्य कशाचं, कोणी शिकवलं, तुमचं गाव कोणतं?

आणि मुलांनो, तुमचं काम तर सोपं आहे. तुमच्या घरात, वाडीत, चाळीत असं कोणीतरी नक्की असेल, ज्याला काहीतरी येतं पण विचारलं कोणीच नाही. आजी असेल, पिंपळाखालचा वासुदेव असेल, रिक्षावाले काका असतील, नाहीतर तुमच्याच बाकावरचा मित्र. या आठवड्यात त्याच्यापुढे सतरंजी टाका. मोठ्यानं हुंकार द्या. आणि काय काय ऐकायला मिळालं, ते मला पत्रानं जरूर कळवा बरं का! आमचा वर्ग वाट बघतोय.